उधारीवरचा आमदार

आमच्या शाळेत लिंकन भिंतीवर होता. काचेच्या चौकटीत, मुलाच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिणारा. ते पत्र त्यानं लिहिल्याचा काहीच पुरावा नाही हे फार उशिरा कळलं, पण वाईट वाटलं नाही. तोवर मला दुसरा लिंकन भेटला होता, दुकान बुडवलेला.

१८३२ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळासाठी तो उभा राहिला आणि पडला. तेरा उमेदवारांत आठवा. वय तेवीस, हाताला काम नाही. मग न्यू सेलम गावात विल्यम बेरीबरोबर भागीदारीत दुकान घेतलं. घेतलं म्हणजे, पैसे नंतर देतो अशा चिठ्ठ्या लिहून दिल्या. बेरी दारूत आणि लिंकन पुस्तकात, असं म्हणतात. गिऱ्हाईक कुठे बघायचं होतं कुणास ठाऊक! पुढे स्वतःबद्दल लिहिताना त्यानं एवढंच म्हटलं, की कर्ज वाढत गेलं आणि दुकान विझलं. दिव्यासारखं.

बेरी १८३५ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या वाट्याचं कर्जही लिंकननं अंगावर घेतलं. सगळं मिळून अकराशे डॉलरच्या आसपास. तो त्याला थट्टेनं ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा. फेडायला कैक वर्षं गेली.

मला गंमत वाटते ती गावाची. पडलेल्या निवडणुकीतही न्यू सेलमच्या तीनशे मतांपैकी २७७ त्याला होती. पुढे तो गावचा पोस्टमास्तर झाला, तर लोकांची पत्रं टोपीत घालून फिरायचा, वाटेत जो भेटेल त्याला काढून द्यायचा. जमिनीची मोजणीही करायचा. घेणेकऱ्यांपायी त्याचा घोडा आणि मोजणीची अवजारं लिलावात निघाली, तेव्हा जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकऱ्यानं ती विकत घेतली आणि त्याचीच त्याला परत केली. उधारी थकवलेल्या दुकानदाराशी कोण असं वागतं?

१८३४ साली तो निवडून आला. राजधानी व्हँडालियाला जायचं तर अंगावर धड कपडे हवेत. त्यासाठी परिसरातल्याच कोलमन स्मूटकडून २०० डॉलर उसने. म्हणजे दुकान उधारीवर, आमदारकीचा कोटही उधारीवर!

विधिमंडळात भत्ता दिवसाला तीन डॉलर होता. दुकानाच्या गल्ल्यात त्यानं रोज एवढी रोकड पाहिली असेल, असं मला तरी वाटत नाही.