बाबांच्या मैफलीची सीडी संगणकात उतरवली, त्याचा अनुभव

घरातल्या सगळ्या सीडी संगणकात घेतल्या. विकतच्या सरळ उतरल्या. अडली ती एकच, बाबांच्या घरगुती मैफलीची, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नाही.

आधी ती एका दुकानात दिली होती. त्यांनी एमपीथ्री हातात ठेवल्या, आणि बाबांची तान जिथे वर चढते नेमकी तिथेच टकटक. विचारलं तर म्हणाले, "सीडीच गेलीय काका." याचा राग अजून जात नाही, कारण सीडी गेलेली नव्हती.

सीडीवर आवाज आकड्यांत असतो: डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा. हे आकडे सलग लिहीत नाहीत. विखरून लिहितात आणि जोडीला पडताळणीचे जादा आकडे घालतात. त्यामुळे ट्रॅकच्या (सीडीवर गोल गोल फिरत जाणाऱ्या) रेषेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. नुकसान त्याहून मोठं असेल तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो. ऐकायला ते चालतं, जतन करायला नाही. फायलींच्या सीडीला दुरुस्तीची आणखी एक पायरी असते, गाण्याच्या सीडीला नसते. म्हणून गाणं नुसतं कॉपी झालं, यावर विसंबू नका.

मी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर वापरलं. ते प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून ताडून बघतं. तिसऱ्या गाण्यावर ते थांबलं ते थांबलंच. रात्रभर तोच तुकडा, सकाळी अहवालात चुकाच चुका. वेग कमी केला, थोडा फरक पडला. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, आणखी फरक पडला. (गोल गोल कधीही पुसू नका, तसा ओरखडा रेषेच्या दिशेनेच जातो आणि सलग मोठा तुकडा खातो.) तरी तानेची जागा सुटेना. शेवटी मित्राच्या जुन्या संगणकातला ड्राइव्ह काढून जोडला, आणि तिसरं गाणं एकही चूक न दाखवता उतरलं! त्या क्षणी डोळे भरून आले.

विकतच्या सीडीचा निकाल इतरांच्या निकालाशी ताडता येतो, घरी भरलेलीचा नाही. म्हणून ती एकाच ड्राइव्हवर दोनदा उतरवा आणि दोन्हींचा चेकसम (फायलीतल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का ते बघा. ड्राइव्ह बदलला तर सुरुवात काही नमुन्यांनी पुढेमागे होते, चेकसम जुळत नाही, घाबरू नका. साठवताना फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) घ्या, एमपीथ्री नको.

आणि हे खरं तर सगळ्यांत आधी करायचं: सीडी दिव्यासमोर धरा. छापील बाजूने टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चकाकणारा थरच निघालेला असतो, तिथे पुसून काही होत नाही. खालच्या बाजूचे ओरखडे मात्र बहुधा प्लॅस्टिकवरच असतात. तेवढ्यावरून कुणी सीडी गेली म्हणालं, तर ती परत घ्या आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा.