घोरपडीला घातलेले टाके

देवगड तालुक्यात कुठेही फिरा, मळ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मासेमारीचं जुनं जाळं ताणलेलं दिसेल. बंदरावर फाटकं जाळं फुकट मिळतं, डुकरं आणि मोर थोडेफार थांबतात, म्हणून सगळेच लावतात. त्यात तंगूसाचं, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचं, जाळं सर्वांत वाईट. धागा नजरेला दिसत नाही, तुटत नाही आणि जनावर जितके हिसके देईल तितका आवळत जातो. दर पावसाळ्यात त्यात धामणी अडकून मरतात, आणि मेल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येतं.

यंदा जूनच्या अखेरीस वनरक्षकांचा फोन आला तो घोरपडीसाठी. "डॉक्टर, घेऊन येतोय. पुढचा उजवा पाय गेल्यात जमा दिसतोय." जिच्या मळ्यात ती सापडली ती काकीही गाडीतून सोबत आली होती. वाडीतल्या दोघांनी घोरपड मागितली होती, एकाला मटणासाठी, दुसऱ्याला गुडघ्यांना चोळायच्या तेलासाठी. त्या तेलाने कुणाचेही गुडघे बरे होत नाहीत. काकीने दोघांनाही हाकलून लावलं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारली तर किमान तीन वर्षं कैद, हे तिला ठाऊकही नव्हतं. तिला एवढंच विचारायचं होतं, "डॉक्टरानू, जगतली मां ती?"

वजन अडीच किलो. डोळ्यांवर फडकं टाकल्यावर फुसफुस थांबली. काखेत तंगूस कातडी कापून स्नायूपर्यंत गेला होता आणि जखमेत किडे पडले होते. गाईच्या जखमेत आम्ही सरळ टर्पेंटाईन सोडतो. इथे ते चालत नाही, एकेक किडा चिमट्याने उचलावा लागतो. वीज गेलेली, म्हणून वनरक्षकांनी बॅटरी धरली. बघायला जमलेल्यांपैकी एकाने सुचवलं, "बर्फात ठेवा, आपोआप गार पडेल." हा सल्ला मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलाय आणि दरवेळी संताप होतो. थंडीने तिचं अंग आखडतं, वेदना जात नाही. ती फक्त हलू शकत नाही, एवढंच. जागा बधिर करणारं लिग्नोकेन पातळ करून, वजनाच्या हिशेबाने, जखमेभोवती दिलं.

धागे निघाल्यावर पंजा हळूहळू कोमट झाला. मग टाके. या प्राण्यांच्या कातडीच्या कडा आत वळतात, त्या बाहेर उलटवून शिवल्या नाहीत तर जखम जुळतच नाही. दवाखान्यात होतं ते कॅटगट, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेला टाक्यांचा धागा. गुरांच्या अंगात ते विरघळतं, सरपटणाऱ्यांच्या अंगात नीट विरघळत नाही. म्हणून बाजारातून विरघळणारा कृत्रिम धागा मागवला. तोही तिच्या अंगात सावकाशच विरतो. प्रतिजैविक सेफ्टाझिडीम, तेही डाव्या खांद्यात, कारण मागच्या पायांचं आणि शेपटीचं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं आणि औषध अंगभर पसरण्याआधीच बाहेर पडू शकतं. गाईला बारा-बारा तासांनी सुई टोचणारे आम्ही, हिला ७२ तासांनी एकदा पुरते.

खरं औषध मात्र ऊब. घोरपडीचं अंग पस्तीस अंशांच्या आसपास तापलं तरच पचन चालतं, जखम भरते, औषध लागू पडतं. उन्हात कातळावर पडून ती हे स्वतः करते. पावसात कोंडलेल्या घोरपडीला ते आपण द्यायचं, आणि आमच्याकडे आषाढात वीज पाहुण्यासारखी येते. वनविभागाच्या कागदांवर नोंद करून तिला दवाखान्याच्या कोठीत निळ्या पिंपात ठेवली, एका टोकाला बल्ब लावून. वीज गेली की टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. आमच्या शिपायाने रात्री उठून त्या बदलल्या. त्याच्या कामाच्या यादीत हे कुठेच नव्हतं. वन्यप्राणी आणून सोडायची व्यवस्था सरकारने केलीय, तो बरा होईपर्यंत ठेवायची जागा तालुक्याला दिलेली नाही.

पाय टेकू लागली, पण अंड्याला तोंड लावेना. बलक पाण्यात फेटून नळीने पोटात घालावा लागे. आणि पिंपाच्या भिंतीला नाक घासून घासून तिने नाकाडं सोललं.

या कातडीचे टाके सहा आठवड्यांपर्यंत लागतात. माझे जुने प्राध्यापक फोनवर म्हणाले, तेवढा काळ ठेव, जखम उसवली तर जंगलात तिला कोण बघणार? वनरक्षक म्हणत होते, डॉक्टर, अंडी घालायचे दिवस आहेत, ही मादी असली तर वारूळ उकरायला आत्ताच बाहेर हवी. नर की मादी हे वरून खात्रीने सांगता येत नाही. दोघांचंही बरोबर होतं. रोज सोलणारं नाक बघून मी सोडायचं ठरवलं. पंचनामा झाला, आणि टाक्यांसकट ती काकीच्या मळ्याच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेली. त्याआधी काकीने गडग्यावरचा सगळा तंगूस काढून घेतला होता.

कात सुटते तेव्हा तिच्याबरोबर टाकेही बऱ्याचदा निघून येतात. पण घोरपडीची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, आणि ती उकरणार ती याच पायाने. अजून थोडे दिवस थांबायला हवं होतं की ठेवली तेवढीही जास्तच झाली, हे माझं अजून ठरत नाही. कोकणातल्या कुणी टाके असलेली घोरपड सोडली असेल आणि नंतर पुन्हा पाहिली असेल, तर जखमेचं काय झालं ते कृपया सांगा.