‘मॅडम, फिल्मच डार्क आहे ना तुमची!’ – माझा डीसीपीचा अनुभव

शूटिंग १४ रात्रींत उरकलं, एडिट पण झालं, त्याचं काही विशेष नाही. अडकले ते पार शेवटी, डीसीपीत, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला जी फाइल लागते ती.

आमची फिल्म म्हणजे अंडरवर्ल्डमधल्या एका वसुलीवाल्याची एक रात्र. गल्लीतला पिवळा दिवा, गाडीच्या काचेवरचं पाणी, बाकी सगळं काळं. लॅबमधून पहिली कॉपी आली, टेस्टला लावली तर पडद्याला राख फासल्यासारखं, काळं कुठेच नाही. फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, फिल्मच डार्क आहे ना तुमची.’ अहो डार्क आहे म्हणूनच तर काळं हवंय! आठ दिवसांनी दुसरी कॉपी, तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी न विचारता ब्राइटनेस वाढवला, आणि ज्या सीनमध्ये खुन्याचा चेहरा दिसू नये म्हणून आम्ही रात्रभर एकेक लाइट बंद करत बसलो होतो तिथे तो पासपोर्ट फोटो काढल्यासारखा दिसायला लागला.

मग डोकं फिरलं आणि मीच बसले. चूक एवढीशी होती, आमची फाइल व्हिडिओ रेंजमध्ये, म्हणजे ८ बिटच्या हिशोबात (उजेडाच्या ० ते २५५ पायऱ्या) काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, आणि त्यांनी ती ० ते २५५ची फुल रेंज समजून घेतली, त्यामुळे आमचा काळा शून्यावर उतरलाच नाही. एका सेटिंगसाठी तीन आठवडे! डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं डीसीपी बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेंज बदलली, रात्रभर लॅपटॉप तापत ठेवला, सकाळी कॉपी तयार.

हां, हे खरं आधी सांगायला हवं होतं, ग्रेडिंग, म्हणजे शेवटी रंग आणि उजेड-अंधार जुळवायचं काम, अंधाऱ्या खोलीतच करा. मॉनिटर साधारण १०० निट्सवर (उजेड मोजायचं एकक) असतो आणि थिएटरचा पडदा ४८ वर, उजेडात बसून केलेलं काम तिथे फसतं. फाइल १० बिटचीच द्या, त्यात पायऱ्या जास्त असतात, ८ बिटमध्ये अंधारात पट्टे दिसतात. आणि शूट शक्यतो सेकंदाला २४ फ्रेम्सनेच करा, आम्ही २५ला केलं, ती रड वेगळी.

पुढच्या टेस्टला पहिला शॉट लागला तर प्रोजेक्टरवाल्या काकांनी आतून ओरडून विचारलं, ‘चालू झालं का?’ इतका आनंद मला शूटिंग संपल्यावरही झाला नव्हता.

लॅबने बिल पूर्ण लावलं. त्यात ब्राइटनेस वाढवल्याचे पैसे वेगळे.