ओर्विएतो: पाण्याच्या मागावर

रोमहून फ्लोरेन्सला जाताना मधे एक मुक्काम कुठे करायचा, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. असिसी, पेरुजा, सिएना अशी नावं निघाली. शेवटी बाबांनी नकाशात ओर्विएतोवर बोट ठेवलं. कारण एकच, तिथली विहीर. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. सत्तरी उलटली, गुडघे दुखतात, पण पाण्याचा विषय निघाला की त्यांना वयाचं भान राहत नाही. मग मीही ठरवलं, हे गाव बाबांच्या नजरेने बघायचं, पाण्याचा माग काढत. आज सांगते, ओर्विएतो बघायची याहून चांगली रीत नाही.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साधी रिजनल गाडी पकडली की सव्वा-दीड तासात ओर्विएतो येतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड बसतो. गाव जवळ आलं की खिडकीतून आधी कडाच दिसतो. सपाट माथा, चारी बाजूंनी सरळ तुटलेला पिवळसर तपकिरी खडक आणि त्याच्या अगदी काठाला टेकलेली घरं. हा खडक म्हणजे टफ, ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला. हत्यार लावलं की सहज कोरला जातो. त्याच्याखाली चिकणमातीचा थर. शत्रूपासून बचावाला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही, पण वर ना नदी ना ओढा. गावाची सगळी गोष्ट या एका अडचणीतून सुरू होते.

स्टेशन खाली, गाव वर. समोरच फ्युनिक्युलर उभी असते, म्हणजे दोराने ओढली जाणारी उताराची गाडी. दोन-तीन मिनिटांत वर पोचवते. बाबांना तिचा इतिहास कळला आणि ते खूश झाले. 1888 साली ती सुरू झाली तेव्हा पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली उतरायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर यायचा. 1970 मध्ये ती बंद पडली, 1990 मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. "पाणी नसलेल्या गावाने पाण्यावर गाडी चालवली," बाबा दोनदा म्हणाले.

राहायची जागा मी मुद्दाम वरच्या स्टेशनजवळ घेतली होती, कारण विहीर तिथून चार पावलांवर आहे. बहुतेक लोक आधी बसने कॅथेड्रल गाठतात आणि विहीर शेवटी ठेवतात. सोबत वयस्कर माणूस असेल तर उलटं करा. पाय ताजे असताना सकाळी विहीर, बाकीचं सगळं नंतर. सगळ्या मुख्य ठिकाणांसाठी 'कार्ता उनिका' नावाचं एकत्र तिकीट मिळतं, आम्ही तेच घेतलं.

ही विहीर का खणली ते आधी सांगायला हवं. मे 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट काही महिने कैदेत राहिला आणि डिसेंबरात निसटून ओर्विएतोला आला. इथे वेढा पडला तर कडा शत्रूला अडवेल, पण तहान कोण अडवणार? म्हणून त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहीर खणायला सांगितलं. काम 1537 मध्ये पुरं झालं, तोवर क्लेमेंट वारला होता. पोझ्झो दि सान पात्रिझिओ असं तिचं नाव. खोली सुमारे 53 मीटर.

खरी करामत तिच्या जिन्यांत आहे. मधल्या विहिरीभोवती दोन चक्राकार जिने एकमेकांवर गुंफलेत, दोन्ही 248 पायऱ्यांचे. एक फक्त उतरायला, दुसरा फक्त चढायला, आणि तळ येईपर्यंत ते कुठेही एकमेकांना मिळत नाहीत. खेचरं एका दाराने रिकामी उतरायची, तळाशी पाणी लादून छोट्या पुलावरून पलीकडे जायची आणि दुसऱ्या दाराने वर यायची. समोरासमोर गाठ पडून खोळंबा व्हायचा प्रश्नच नाही.

पायऱ्या खेचरांसाठी म्हणून रुंद आणि उतरत्या, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना त्या आपल्याकडच्या किल्ल्यांवरच्या पायऱ्यांपेक्षा सोप्या गेल्या. जिन्याच्या आतल्या भिंतीला ओळीने कमानदार खिडक्या आहेत, प्रकाश वरच्या तोंडातून येऊन त्यांतून जिन्यावर पडतो. बाबा जवळजवळ प्रत्येक खिडकीशी थांबले. मला वाटलं दमले. पण ते भिंतीवर हात फिरवून बघत होते. वरच्या भागात भिंत म्हणजे कोरलेला टफच. खाली एका ठिकाणी खडक संपतो आणि विटांचं बांधकाम सुरू होतं. "इथे माती लागली बघ. मातीत नुसती खणून विहीर टिकत नाही, चुना-विटांनी बांधूनच काढावी लागते." कोणत्याही फलकाकडे न बघता त्यांनी हे सांगितलं. तळाशी हवा गार, भिंती ओल्या, पाणी हिरवट आणि पुलावरून लोकांनी टाकलेल्या नाण्यांचा थर. तिथे उभं राहून बाबांना साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीची आठवण आली. तिथे बैलांनी मोटा ओढून पाणी वर यायचं, इथे जनावरच खाली उतरायचं. त्यावर ते बराच वेळ बोलले आणि मी ऐकत बसले, कारण पुलाजवळच आम्ही टेकलो होतो. चढताना घाई केली नाही, थांबत थांबत वर आलो.

दुपारचं जेवण अडीचच्या आत उरका. त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद असतात. बाबा शाकाहारी, त्यांना इथली उंब्रिकेल्ली मानवली. ही जाडसर, हाताने वळलेली शेवयांसारखी पास्ता नुसत्या पीठ-पाण्याची असते, अंडं नाही. टोमॅटो-लसणाच्या रश्शात मागा, मात्र मांसाचे तुकडे नकोत हे आवर्जून सांगा.

कॅथेड्रलबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय, म्हणून थोडक्यात. 1290 मध्ये बांधायला घेतलं, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या आडव्या पट्ट्यांच्या भिंती. आत लुका सिन्योरेल्लीची शेवटच्या न्यायदिनाची भित्तिचित्रं आहेत, त्यांना वेळ द्याच. पण मी सर्वात जास्त वेळ बाहेर उभी होते, दर्शनी भागाच्या खांबांवरच्या कोरीवकामापुढे. लोरेन्झो मायतानीच्या देखरेखीखालचं हे काम. बायबलातल्या गोष्टीप्रमाणे पहिली स्त्री घडवायला झोपलेल्या आदमच्या कुशीतून देव बरगडी काढतोय, हात कुशीत गेलाय आणि आदमच्या चेहऱ्यावर गाढ झोप. हे सगळं मान फारशी वर न करता दिसतं.

मग पुन्हा पाणी. गावाखाली कोरलेल्या बाराशेहून जास्त गुहा आहेत. त्यांतल्या काही ठरावीक वेळी वाटाड्यासोबत बघता येतात. तिथे एट्रुस्कन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या, विहिरी पाहिल्या, सांगाल्लोच्या दीड-दोन हजार वर्षं आधीच्या. जेमतेम एक माणूस मावेल असा चौकोनी खड्डा सरळ खोल गेलेला आणि समोरासमोरच्या भिंतींत पाय ठेवायला कोरलेल्या खोबणी. त्यांत पाय रोवून माणसं खाली उतरत, खणत, वर येत. बाबा वाकून पाहत राहिले. शेजारच्या गुहेत भिंतभर लहान कोनाडे, कबुतरं पाळायला. कबुतर बाहेर उडून आपलं दाणापाणी आपणच बघतं आणि घरी परत येतं, म्हणजे पाण्याची चणचण असलेल्या गावाला परवडणारं मांस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या पायवाटेवर गेलो. पूर्ण फेरी मारली नाही, झेपेल तेवढीच केली. वाटेवरून कड्याला ठिकठिकाणी दिलेला आधार दिसतो. 1970 च्या दशकात इथे दरडी कोसळून गावच धोक्यात आलं होतं, मग 1978 मध्ये खास कायदा करून सरकारने कडा बळकट करायचं काम हाती घेतलं. त्या कामात गावातले जुने पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही बदलले गेले. का, ते बाबांनी मला वाटेवर बसून समजावलं. नळ गळतात, पाणी टफमधून झिरपत खालच्या चिकणमातीपर्यंत जातं, माती भिजून सरकते आणि आधार सुटलेला खडक तुटतो. ज्या गावाने थेंबासाठी दोन हजार वर्षं खडक फोडला, ते घरोघर नळ आल्यावर त्याच पाण्याने खचू लागलं होतं.

"अगं, आमच्या खात्यात निम्मं काम पाणी आणायचं आणि निम्मं ते नको तिथे जाऊ न द्यायचं," बाबा म्हणाले. या वाटेवरून एट्रुस्कन थडग्यांच्या गल्ल्याही गाठता येतात, दारांवर घराण्यांची नावं कोरलेली. त्यासाठी आमच्याकडे वेळ उरला नाही. तुम्ही दोन रात्री ठेवा, म्हणजे फ्लोरेन्सची गाडी गाठायची घाई राहणार नाही.