झग्याला इस्त्री करताना

शनिवार, रात्री पावणेअकरा. सातारा.

उद्या सकाळी भाच्याची पाळक म्हणून दीक्षा. घर पाहुण्यांनी भरलंय, म्हणून झग्याला इस्त्री करायचं काम मी मागून घेतलं आणि आतल्या खोलीत येऊन बसलो. पांढरा सुती झगा, खांद्याशी बारीक चुण्या. तिथं इस्त्री सरळ फिरत नाही. पाण्याचा हबका मारून इस्त्रीचं टोक एकेका चुणीत घालावं लागतं.

तो शेजारी भिंतीला टेकून बसला होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी लायक आहे का हो याला?"

"आहेस की रे" असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. माझ्याच्यानं ते म्हणवलं नाही. मी त्याला बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय काढायला सांगितला. याजक म्हणजे लोकांच्या वतीनं देवापुढं अर्पण करणारा. इस्राएलाचा प्रमुख याजक अहरोन, त्याचा पोशाख केवढा थाटाचा! सोन्याच्या तारांनी विणलेलं एफोद म्हणजे खांद्यावरून घ्यायचं अंगवस्त्र, बारा रत्नांचा ऊरपट, झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरं. पण वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यांत आतल्या पवित्र जागी, जाताना अहरोनाला हे सगळं उतरवून ठेवावं लागे. स्नान करायचं, साधी तागाची वस्त्रं घालायची आणि आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करायचा. लोकांसाठीचा बकरा त्यानंतर. देवानं स्वतः नेमलेला माणूस, तरी त्याच्या कामाची सुरुवात स्वतःच्या अपराधापासून. भाच्यानं तो भाग दोनदा वाचला.

मग इब्रीकरांस पत्राचा पाचवा अध्याय. हा मान कुणी आपण होऊन घेत नाही, अहरोनासारखं देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, व्हावं लागतं. लेखक पुढं लिहितो की ख्रिस्तानंही प्रमुख याजक होण्याचं गौरव स्वतःहून घेतलं नाही. याजक लेवीच्या वंशातलेच होत, आणि तो यहूदाच्या वंशातला. नियमशास्त्राप्रमाणे वेदीपाशी त्याचा हक्कच नव्हता. पित्यानं त्याला मलकीसदेकाच्या, म्हणजे अब्राहामाच्या काळातल्या याजक-राजाच्या, संप्रदायाप्रमाणे याजक केलं. आणि त्याच अध्यायात त्याचा आक्रोश आणि अश्रू आहेत. मला हे फार जवळचं वाटतं. पुत्रानंसुद्धा जे हात पुढं करून घेतलं नाही, त्यावर आपण हक्क सांगतो.

आम्ही प्रॉटेस्टंट पाळकाला याजक म्हणत नाही. आमचा याजक एकच, ख्रिस्त, आणि पेत्राच्या पत्राप्रमाणे सगळी मंडळीच याजकगण. कॅथलिक बांधवांची शिकवण निराळी. पण डोक्यावर हात ठेवून घ्यायला दोघांकडंही मान वाकवावीच लागते.

बायबलमधल्या यहूदाच्या उज्जीया राजाची गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ती माझ्यासाठी आहे. चांगला राजा, 52 वर्षं राज्य केलं. बळ वाढलं, मन उन्मत्त झालं आणि एके दिवशी धुपाटणं हातात घेऊन तो मंदिरात शिरला; धूप जाळणं तर फक्त याजकांचं काम. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे 80 याजक आडवे आले. राजा संतापला आणि तिथंच त्याच्या कपाळावर कोड उठलं. त्याला करायचं होतं तेही देवापुढं धूप जाळण्याचंच काम, याची मला भीती वाटते.

माझंही तसंच झालं होतं. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या निवडणुकीला मी घरोघर फिरलो. सेवेसाठीच फिरतोय असं मला मनापासून वाटत होतं. निवडून आलो, पुढच्या बाकावर बसू लागलो. एका रविवारी एक आजी दारात आल्या, "यांना बरं नाही, येऊन प्रार्थना करता का?" पंचमंडळाची सभा होती. मी म्हणालो, उद्या येतो. आजोबा त्याच रात्री गेले.

अहरोनाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न असे आणि प्रत्येकावर इस्राएलाच्या बारा वंशांपैकी सहा-सहांची नावं कोरलेली. ती नावं खांद्यावर घेऊनच त्यानं देवापुढं उभं राहायचं. माझ्या खांद्यावर त्या दिवशी फक्त उपरणं होतं.

हे मात्र आज भाच्याला सांगितलं, पहिल्यांदाच. तो काही बोलला नाही. उठला आणि इस्त्री माझ्या हातातून घेऊन उरलेल्या बाहीवर फिरवू लागला.

झोपायच्या आधी त्यानं एवढंच विचारलं, "मग टिळकांनी मिशनचं काम सोडलं ते?" ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून आमच्या साताऱ्याला आले आणि इथं 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभा केला. मी म्हणालो, नेमणूक मिशनची होती, ती त्यांनी परत केली. पाचारण मिशनचं नव्हतं, ते कुणाला परत करणार?

झगा खुंटीला लावलाय. आजी अजून त्याच घरात राहतात, गुडघे गेलेत, चालवत नाही. उद्या त्यांना उपासनेला आणायला रिक्षा सांगितली आहे. साडेआठला मी स्वतः जाणार आहे.