बिबड्यावरचं भरीत

जळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला सहा टेबलांचा वाइन बार आहे. शनिवारी मी, वहिनी आणि दोघी मैत्रिणी गेलो. ताटं नाहीतच, छोट्या बशा मधे ठेवायच्या, सगळ्यांनी वाटून खायचं.

पहिलं भरीत आलं. २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं हिरवं वांगं, तुराट्यांवर भाजलेलं, कांद्याची पात, ठेचलेली मिरची, आणि भाकरीऐवजी खाली तळलेलं बिबडं, म्हणजे आपला ज्वारीचा पापड. धुराचा वास आणि ती कुरकुर, वा! वहिनी म्हणाल्या, "अगं, शेतातली भरीत पार्टीच आठवली." सोबत नाशिकची थंडगार शेनिन ब्लाँ, ही पांढरी वाइन; तिच्या हलक्या गोडीनं मिरची निवली.

शेवभाजीचा रस्सा मात्र इवल्याशा वाटीत दिला. ते मला पटलं नाही. रस्सा भरपूरच हवा. शेवटची पाटवडी आम्ही चौघींत तोडून खाल्ली.