अमेरिकेहून आलात? मग दुपारी गच्चीवर या

लेकीकडून न्यू जर्सीहून परतलं की पहिला सल्ला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, लिफ्टमध्येच मिळतो: "पहाटे टेकडीवर जा, कोवळं ऊन अंगावर घ्या, झोप आपोआप जागेवर येते."

नाही येत. जुलैत तिथल्या आणि इथल्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. म्हणजे आपल्या सकाळी सातचं ऊन शरीराच्या लेखी रात्री साडेनऊचं! रोज सातला उठणाऱ्याच्या अंगाचं तापमान साधारण पहाटे साडेचारला सगळ्यात कमी असतं. त्याच्या आधीच्या काही तासांतला लख्ख प्रकाश शरीराचं घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो. तिथले पहाटेचे साडेचार म्हणजे पुण्यात दुपारचे दोन. आपल्याला जायचंय पुढे, म्हणून पहिले काही दिवस ऊन घ्यायचं ते दोननंतर. आणि अंगावर नव्हे, डोळ्यांना. (सूर्याकडे टक लावून बघू नका, कृपा करा.) डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या काही पेशींत मेलानोप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं द्रव्य असतं, त्या पेशी मेंदूतल्या मूळ घड्याळाला उजेडाची वर्दी देतात.

त्यामुळे सकाळी मी पडदे ओढून बसते. दूध घ्यायला दार उघडते तेही काळा गॉगल लावून. दूधवाल्याने विचारलंच, "काकू, डोळे आले का?"

खरी पंचाईत दुपारी. दोन वाजता पुण्यात जायचं कुठे? बागांना कुलूप, अर्धी दुकानं बंद, आणि आमच्या ह्यांची वामकुक्षी म्हणजे जन्मसिद्ध हक्क. "अहो, चला वर" म्हटलं की कूस बदलतात. मग मी एकटीच छत्री, खुर्ची आणि मेथीची जुडी घेऊन गच्चीवर. पानं खुडत राहिलं की डुलकी लागत नाही. आभाळ भरलेलं असलं तरी चालतं: मोबाईलवर मोजलं तर हॉलमधल्या ट्यूबखाली उजेड दोनशे लक्ससुद्धा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) नव्हता, गच्चीवर मात्र दहा हजारांच्या वर.

ही वेळ रोज साधारण तासाभराने अलीकडे आणायची. दोन, मग एक, मग बारा. टेकडीचा नंबर शेवटी लागतो. तोवर ह्यांचं रात्री अडीचला पोहे करणं चालूच असतं. चांगले होतात, तक्रार नाही.

डिसेंबरात येणार असाल तर फरक साडेदहा तासांचा. तेव्हा सुरुवात तीनपासून करा, आणि सहाला अंधारतं हे लक्षात ठेवून मेथी आधीच आणून ठेवा.